रिव्हॉल्व्हरच्या इतिहासाची संदर्भपुस्तकं : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला चोपडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यात नेहमीसारखं शस्त्रपूजन झालं. पाटावर दोन तलवारी, एक जंबिया, धान्य मोजायचं जुनं पितळी मापटं आणि आण्णांचं रिव्हॉल्व्हर. आण्णा म्हणजे माझे सासरे, परवाना त्यांच्या नावावर आहे. मापटं आणि रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवायचं कारण घरातली जुनी हकीकत. छप्पन्नच्या (विक्रम संवत 1956 च्या) दुष्काळात, म्हणजे 1899-1900 साली, आण्णांच्या आजोबांनी गावासाठी कणगी उघडल्या आणि खूश होऊन गोऱ्या साहेबानं त्यांना हे ‘पिस्तूल’ दिलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे ऐकत आलेय.

त्या दिवशी माझ्या नववीतल्या मुलीनं हळदीकुंकू लावता लावता विचारलं, “आई, यावर मार्क 4 लिहिलंय. म्हणजे 1, 2, 3 आधी येऊन गेले असणार ना? मग हा चौथा कधी आला?”

मी अमळनेरला शाळेत इतिहास शिकवते. मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलं. दिवाळीच्या सुट्टीत शोध घेऊन चार पुस्तकं मागवली, सगळी वापरलेली, तीन विलायतेतून आणि एक अमेरिकेतून. टपालासकट माझा जवळजवळ अर्धा पगार गेला. आता पोळा जवळ आलाय, नऊ महिने ती रोज नाही तरी आठवड्याला दोनदा उघडली जातात. आपल्या भाषेत या विषयावर कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

पहिलं पुस्तक डॉवेल यांचं ‘द वेब्ली स्टोरी’, लीड्सहून 1962 साली निघालेलं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली या शस्त्र-कंपनीच्या पिस्तुलांचा, रिव्हॉल्व्हरांचा आणि सोबत काडतुसाच्या विकासाचा इतिहास. नंतर टेलरसन यांच्या ‘द रिव्हॉल्व्हर’ या तीन भागांतले दोन. 1818 ते 1865 चा भाग त्यांनी दोन सहलेखकांबरोबर केलाय, 1865 ते 1888 चा एकट्यानं. गंमत म्हणजे काळानं दुसरा असलेला भाग आधी, 1966 मध्ये छापला गेला आणि पहिला 1968 मध्ये. चौथं पुस्तक अमेरिकेतलं किंमत-मार्गदर्शक. त्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, का ते पुढे येईल. शिवाय एका स्नेह्यांकडून प्रूफ शिक्क्यांचं एक पातळ पुस्तक वाचायला आणलं, ते अजून परत केलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त कामाला आलं ते हे पातळ पुस्तक. कुठल्याही बंदुकीची नळी विकण्याआधी जादा दारू भरून ती तपासायची आणि टिकली तर शिक्का मारायचा, ही इंग्लंडमधली सक्तीची पद्धत. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 च्या कायद्यानं सुरू झालं. त्या काळापासूनचा जुना शिक्का म्हणजे मुकुट, खाली फुली मारल्यासारखे दोन राजदंड आणि मधल्या जागांत अक्षरं. 1904 मध्ये तो बदलला आणि मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी अशी साधी अक्षरं आली. एनपी म्हणजे धूर न होणाऱ्या नव्या दारूची चाचणी. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीवर शिक्का असतोच, पण काडतुसं ठेवायच्या फिरत्या चक्राच्या प्रत्येक घरावरही वेगळा असतो, कारण स्फोट त्या घरात होतो.

नाताळच्या सुट्टीत गावी गेले. हत्यार हाताळलं ते फक्त आण्णांनी. त्यांनी ते मोडून (आमच्याकडे याला ‘मोडायचं रिव्हॉल्व्हर’ म्हणतात, कारण नळी पुढे वाकवली की चक्र उघडं पडतं) रिकामं असल्याची दोनदा खात्री केली. मी भिंग, वही आणि पुस्तक घेऊन शेजारी बसले. सहाही घरांवर मुकुट आणि एनपी. म्हणजे 1904 च्या आधीचं नाही. अंगावर ‘वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड, बर्मिंगहॅम’. कंपनीचं नाव 1897 पर्यंत पी. वेब्ली अँड सन होतं. त्या वर्षी स्कॉट आणि एलिस या घराण्यांच्या कंपन्या एकत्र येऊन एक लांबलचक नाव झालं, त्यात ‘रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स’ हे शब्द होते. ते शब्द 1906 मध्ये गळले. म्हणजे आणखी दोन वर्षं पुढे. मग डॉवेल उघडलं. बत्तीस बोअरचं (म्हणजे .32 इंच भोकाच्या नळीचं) मार्क 4 हे पहिल्या महायुद्धानंतरचं मॉडेल निघालं. छप्पन्नच्या दुष्काळाशी त्याची गाठ पडणं शक्यच नव्हतं.

मी सांगितलं तेव्हा आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग साहेबनी गोष्ट कथा गयी?” (मग साहेबाची गोष्ट कुठे गेली?) दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच पुन्हा भिंग मागितलं आणि स्वतः एकेक अक्षर वाचलं. त्यानंतर हळूहळू त्यांना आठवलं की त्यांचे वडील, बापू, कापूस विकून मुंबईला जायचे आणि एका फेरीत ‘काहीतरी पेटीत’ घेऊन आले होते. धान्य वाटल्याची गोष्ट खरी असू शकते, गावातली इतर घरंही ती सांगतात. फक्त त्या गोष्टीला ही वस्तू नंतर चिकटली. कागदांइतकंच वस्तूलाही विचारता येतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. स्वतःच्या घरात ते करून पाहायला ही पुस्तकं लागली.

डॉवेल घेणाऱ्यानं एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. हे चाळायचं पुस्तक नाही. छायाचित्रं कृष्णधवल, मजकूर दाट. पण त्याची घडण प्रामाणिक आहे. मॉडेल, मार्क, कोणता भाग कधी बदलला आणि का, हे सावकाश, क्रमानं येतं. सैन्यानं स्वीकारलेलं पहिलं मोडायचं वेब्ली, .455 बोअरचं मार्क 1, हे 1887 चं, आणि पहिल्या महायुद्धातलं प्रसिद्ध मार्क 6 हे 1915 चं. म्हणजे मार्कचे आकडे बोअरप्रमाणे आणि मालिकेप्रमाणे वेगळे चालतात. खिशातल्या बत्तीस बोअरचा मार्क 4 आणि फौजी मार्क 4 हे एकमेकांचे कोणी नाहीत. माझ्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं. एवढ्या एका उलगड्यासाठीसुद्धा मी ते पुस्तक पुन्हा घेतलं असतं.

दुकानदारांच्या नावांबद्दलही सावध राहावं. हिंदुस्थानात विकल्या गेलेल्या कित्येक वेब्लींवर विक्रेत्याचं नाव कोरलेलं असतं. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची मुंबई शाखा 1891 मध्ये उघडली, कलकत्त्यात मँटन, रॉडा अशी दुकानं होती. ते नाव वाचून लोक त्यालाच बनवणारा समजतात. धुळ्याच्या एका परिचितांनी मला ‘मँटननं बनवलेलं’ म्हणून फोटो पाठवला, त्यात खाली बारीक अक्षरात वेब्लीची उडती गोळी स्पष्ट दिसत होती.

टेलरसन यांची दोन्ही पुस्तकं कोरडी आहेत असं म्हणतात. मला नाही वाटली. त्यांचा सगळा भर पेटंटांवर आहे, आणि कोणाकडे कोणतं पेटंट होतं हे कळलं की बाकीचा इतिहास आपोआप सुटत जातो. आरपार भोक पाडलेल्या चक्रात मागून काडतूस भरायची कल्पना रोलिन व्हाइटनं 1855 मध्ये नोंदवली. त्याचा परवाना स्मिथ अँड वेसननं घेतला, प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे व्हाइटला 25 सेंट द्यायचे ठरले आणि न्यायालयात पेटंट राखायचा खर्च मात्र त्याच्याच माथी आला. 1869 मध्ये मुदत संपेपर्यंत अमेरिकेत कोल्टसारख्या बड्या कारखान्याचेही हात बांधलेले होते. कोल्टचं नावाजलेलं 1873 चं रिव्हॉल्व्हर म्हणूनच त्या मुदतीनंतरचं आहे, आधीचं नाही.

पहिल्या भागानं मला शाळेत मदत केली. आमच्याकडे इंग्रजांविरुद्ध उठलेले भिल्ल पुढारी खाज्या नाईक यांच्यावर मुलं नाटुकलं बसवतात, त्यात 1858 च्या एप्रिलमधली अंबापाणीची लढाई असते. पडद्यासाठी काढलेल्या चित्रात इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती मोडायचं वेब्ली होतं, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ तीस वर्षांनी सैन्यात आलेलं हत्यार. त्या काळात अधिकाऱ्यांकडे कोल्ट किंवा अ‍ॅडम्स असे. अ‍ॅडम्सला पाच घरं. प्रत्येक घरात पुढून दारू आणि गोळी भरायची, मागे बार पेटवणारी छोटी टोपी बसवायची. पाच बार झाले की पुन्हा भरायला बराच वेळ. हे समजल्यावर मुलांनी लढाईचा प्रसंगच वेगळा केला. सातपुड्याच्या झाडीत दबा धरून बसलेले भिल्ल साहेबाचे बार मोजतात आणि पाचव्या बारानंतर उठतात. हा प्रसंग आमच्या कल्पनेतला आहे, तसं आम्ही सुरुवातीला सांगितलंही, पण हत्यार त्या काळाचं आहे.

आता अमेरिकन किंमत-मार्गदर्शक. हे घेऊ नका. त्यातल्या किमती तिथल्या लिलावांच्या, आपल्याला त्यांचा उपयोग शून्य. पण माझी खरी तक्रार वेगळी. त्यात पानोपानी 1898 सालाची रेघ आहे, कारण अमेरिकेच्या कायद्यात 1898 पर्यंत बनलेलं हत्यार ‘अँटिक’ धरतात. ते वाचून आपल्याकडचा माणूस सहज समजेल की जुनं आहे म्हणजे परवाना नको. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट त्या जुन्या हत्यारांना आहे, जी दुरुस्ती करूनही चालू शकत नाहीत. वय हा एकटा निकष नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यातली शंभर वर्षांची मर्यादा हा वेगळाच विषय. आजोबांच्या ट्रंकेत काही सापडलं तर आधी वकील आणि पोलीस ठाणं, पुस्तक नंतर.

कागद आणि बांधणीबद्दल थोडं. खान्देशातला मे महिना पुस्तकाची परीक्षा घेतो. साठच्या दशकातली तिन्ही पुस्तकं दोऱ्यानं शिवलेली, बेचाळीस-पंचेचाळीस अंशांतही एक पान हललं नाही. त्या मानानं अलीकडे छापलेलं अमेरिकन पुस्तक डिंकावर उभं, ते अक्षय्य तृतीयेपर्यंत मधून उकललं. डॉवेल ज्या विक्रेत्याकडून घेतलं त्यानं वेष्टनासह असल्याचं लिहिलं होतं, आलं ते वेष्टनाशिवाय आणि दोन पत्रांना उत्तर नाही. जुनी पुस्तकं मागवताना वेष्टनाचा आणि शेवटच्या पानाचा फोटो मागून घ्या.

मराठीत वाचणाऱ्याला शब्दांची अडचण येते. मी एक वही केलीय. घोडा, चाप, नळी, मूठ, चक्र, घर हे आपले शब्द पुरेसे आहेत आणि आण्णांच्या पिढीला ते सगळे येतात. अडतं ते एकाच ठिकाणी. आपण सगळ्यालाच पिस्तूल म्हणतो. नाशिकला 1909 मध्ये अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग हे पिस्तूल होतं, त्याला फिरतं चक्र नाही. आण्णांचं ते रिव्हॉल्व्हर. आमच्या घरात आता हा फरक लहान पोरंही पाळतात.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर शिक्क्यांचं घ्या, ते स्वस्तही आहे. घरात वेब्ली असेल तर डॉवेल. टेलरसन ज्याला ‘का’ची भूक आहे त्यानं घ्यावं. त्यांचा तिसरा भाग, 1889 ते 1914 चा, 1970 मध्ये निघालेला, अजून मला मिळालेला नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणाच्या संग्रहात असेल तर पंधरा दिवसांसाठी हवाय. मी येऊन घेऊन जाईन, कापडात बांधून परत आणून देईन. यंदाच्या दसऱ्याआधी मिळाला तर फार बरं होईल. पाटावर मापट्याशेजारी ठेवायला आण्णांनी बापूंचा फोटो चौकटीत बसवायला टाकलाय, आणि त्याखाली काय लिहायचं ते मला विचारलंय.