दोन भाषा, दोन करिअर: कोथरूडमधली लग्नपूर्व समुपदेशन सेवा

ती मराठी, जर्मनीत पीएचडीला निघालेली. तो तमिळ, नोकरी हिंजवडीत. अशा जोडप्यांना ही सेवा उपयोगी आहे. पहिल्या बैठकीत प्रेमाबद्दल एकही प्रश्न नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर पुढच्या ५ वर्षांचं लिहायचं: कोण कुठे राहणार, घर कुणाच्या पगारावर, कुणाचे आईवडील कुणाकडे. मग कागद शेजारी शेजारी ठेवतात. 'बघू नंतर' असं जिथे लिहिलंय तिथे लाल खूण. (भांडणं शिजतात ती तिथेच.)

कायद्याची बाजू मात्र लंगडी. विशेष विवाह कायदा, १९५४ (धर्म कोणताही असो, नोंदणी पद्धतीनं लग्न करण्याचा कायदा) दोन वाक्यांत उरकला जातो. विवाह अधिकाऱ्याला द्यायच्या नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबणं, लग्नाला ३ साक्षीदार, आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. व्हिसाच्या तारखेपासून उलटं मोजायला कुणीतरी सांगायला हवं. जर्मनीत जोडीदार म्हणून जाणाऱ्याला अनेकदा ए१ (अगदी प्राथमिक) पातळीचं जर्मनही लागतं, तेही राहून जातं.

घरच्यांसोबतची बैठक चुकवू नका. फक्त शनिवार-रविवारची वेळ आधीच धरून ठेवा.