कुलाबा कॉजवेवर जिथलं ते तिथेच मागवावं

कुलाब्यात खायला कुठे जाऊ, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, किती वाजता जाणार? सकाळी आठला जिथे जायलाच हवं, तिथे रात्री नऊला जाण्यात काही अर्थ नाही. रात्री अकराला जिथे गाड्यांची रांग लागते, तिथे दुपारी जाऊन मजा नाही. वेळ ठरली की दुकान ठरतं, आणि दुकान ठरलं की पदार्थही ठरल्यातच जमा असतो.

माझी सगळी नोकरी बेस्टच्या इलेक्ट्रिक हाउसमध्ये, हिशेब खात्यात गेली. म्हणजे ऑफिसच्या दारातून निघून कॉजवेला लागलं की पाचव्या मिनिटाला हॉटेलच्या टेबलावर. डबा रोज असायचाच, पण पगाराच्या आठवड्यात, कोणाच्या बढतीला, कोणाच्या निवृत्तीला बाहेर खाणं व्हायचं, आणि त्यातून हा रस्ता माझ्या जिभेला पाठ झाला. आता डोंबिवलीहून मुद्दाम जाते, भाचरांना घेऊन जाते. त्यामुळे हे जे सांगतेय ते एकदा जाऊन, फोटो काढून आलेल्या माणसाचं मत नाही.

पाटीवर नाव शहीद भगतसिंग मार्ग. कुलाब्याचं बेट मुंबईला जोडायला 1838 मध्ये हा रस्ता बांधला. 1874 मध्ये इथून पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली, पुढच्याच वर्षी ससून डॉक झाला, 1903 मध्ये ताज उभं राहिलं. लष्कराची छावणी, गोदी, बोटीवरचे खलाशी, हॉटेलातले पाहुणे अशी माणसं जमली आणि त्यांना खाऊ घालणारेही मागोमाग आले. इराणी आले, पारशी होते, जहाजांवर नोकरी करणारे गोंयकार होते, चिनी आले, आणि फाळणीनंतर कराचीचे सिंधी आले. प्रत्येकाने आधी आपल्या माणसांसाठी चूल पेटवली. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ज्या घरचा जो पदार्थ तोच तिथे मागवावा. मेनूकार्डाच्या मागच्या पानांवर पिझ्झा असतो, मांचुरियन असतं, पनीर बटर मसाला असतो. ती पानं उलटूच नयेत.

सकाळ ऑलिंपियाची. लिओपोल्ड कॅफेच्या अगदी समोर, 1918 सालचं इराणी हॉटेल. संगमरवरी टेबलं, भिंतीला आरसे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. आम्ही बायका तेव्हा वर पोटमाळ्यावर बसायचो, तिथून खालची सगळी लगबग दिसते. मागवायचं ते खिमा-पाव. खिमा छोट्याशा बशीत येतो, गडद तपकिरी, कडेने तेलाची तांबूस रेघ सुटलेली. लवंग-दालचिनीचा वास आधी येतो, मिरीचा तिखटपणा घास गिळल्यावर मागाहून चढतो. लिंबू पिळायचं, पण सगळ्यावर एकदम नाही. अर्धा खिमा तसाच खायचा, अर्ध्यावर पिळायचं, मग कळतं त्यात काय काय आहे ते. पाव मऊ असतो आणि तो बशीच्या कडेने फिरवून तेल टिपून घेतल्याशिवाय उठू नये. वर एक चहा. वेटर उगाच गप्पा मारत नाहीत, पण तुम्ही काय घेता ते लक्षात ठेवतात. एकदा मी नुसता चहा मागितला तर वयस्कर वेटर म्हणाला, "बहेनजी, आज खिमा नहीं? तबियत ठीक है ना?" निवृत्त झाल्यावर मला ऑफिसइतकीच त्या प्रश्नाची आठवण येते.

समोरचं लिओपोल्ड 1871 सालचं. तिथे जायचं ते बसायला. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री तिथे गोळीबार झाला, माणसं गेली, आणि काही दिवसांत हॉटेल पुन्हा उघडलं. गोळ्यांच्या खुणा त्यांनी बुजवल्या नाहीत. आम्ही त्या रस्त्यावर रोज पाय ठेवणारी माणसं, म्हणून मला त्या खुणा बघून अजून पोटात कालवतं. तिथे मी कॉफी घेते, थोडा वेळ बसते आणि निघते. खाण्यासाठी मी दुसऱ्या दारात जाते, इतकंच.

कॅफे माँडेगारला जायचं ते भिंतींसाठी. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, एका भिंतीवर मुंबईचं जगणं, दुसरीवर त्या कॅफेतलीच वर्दळ. गोव्याच्या या माणसाने मुंबईची गर्दी काय टिपली आहे! प्रत्येक चेहरा वेगळा, एकाचं नाक दुसऱ्यासारखं नाही. आत गाणी मोठ्याने चालू असतात, बियर पिणारी तरुण मंडळी असतात. शांत जेवायचं असेल तर दुसरीकडे जावं, पण चित्रं दुपारच्या उजेडात एकदा नीट बघावीत.

संकष्टी, सोमवार, श्रावण असला की कैलास पर्बत. पहिल्या पास्ता लेनच्या तोंडाशी, कराचीहून आलेल्या सिंधी कुटुंबाचं, 1952 पासूनचं. लोक पाणीपुरीला गर्दी करतात आणि ती चांगलीच आहे, पण मी सांगेन दाल-पकवान. मैद्याची तळलेली, जाडसर, कुरकुरीत पुरी, म्हणजे पकवान, आणि सोबत चण्याची डाळ. डाळ शिजलेली पण दाणा न मोडलेली, वर चिंचेची चटणी आणि बारीक कांदा. पकवान हाताने मोडायचं, डाळीत बुडवून ठेवायचं नाही, उचलून लगेच तोंडात टाकायचं. आपल्याकडे न्याहारीला डाळ खायची पद्धत नाही, म्हणून सुरुवातीला आमच्या सेक्शनमधल्या बायका नको म्हणायच्या. पुढे त्याच आधी मागवायला लागल्या. कमळकाकडी मिळाली तर तीही घ्यावी.

दुपारच्या जेवणाला माझं मत मार्टिन्सला. स्ट्रँड सिनेमाच्या बाजूला, दोन-चार टेबलांचं, बाहेरून बघून कोणी आत शिरणार नाही असं गोव्याचं हॉटेल. सारपातेल, चोरिस, विंदालू, शागोती, कोळंबीची कढी. डुक्कर खात नसाल तर कोळंबी आणि भात घ्या, पण खात असाल तर सारपातेल सोडू नका. कलेजी आणि मांसाचे बारीक तुकडे, व्हिनेगरने आंबट, मिरचीने लालभडक, आणि ताज्यापेक्षा मुरलेलं जास्त चांगलं. माझी एक मैत्रीण मालवणची, तिला मी पहिल्यांदा घेऊन गेले तर रस्सा चाखून ती म्हणाली, "गे बाय, आंबटपणा बरो असा, पण आमच्या सोलांचो नाय हो." नंतर पाव पुसून बशी लख्ख केली. तिचं निरीक्षण बरोबर होतं. कोकणातली कोकमं खाली गोव्यातही आहेत, पण या पदार्थांचा आंबटपणा पोर्तुगीजांबरोबर आलेल्या व्हिनेगराचा, आणि तो जिभेवर वेगळाच बसतो. जागा कमी आहे, तेव्हा साडेबाराच्या आत पोचावं. चौघांपेक्षा जास्त माणसं असतील तर वेगवेगळं बसायची तयारी ठेवावी.

चिनी खायचं तर रिगलच्या मागे, महाकवी भूषण मार्गावर लिंग्ज पॅव्हेलियन. हा खर्चाचा मामला, बोनसच्या महिन्यातला. आत शिरताना छोटा पूल आणि त्याखाली पाण्यात मासे, मुलं तिथेच थांबून राहतात. गाडीवरच्या लाल शेजवानची सवय झालेल्या जिभेला इथली चव पहिल्या घासाला सौम्य वाटते. घाई करू नये. वाफवलेला मासा मागवावा, आल्याचे बारीक काप आणि सोया, बस. आपण सारस्वत, कोळी, मालवणी माणसं माशाचा ताजेपणा एका घासात ओळखतो, आणि इथे तो ओळखता येतो कारण मसाल्याखाली काही लपवलेलं नसतं. खेकडाही चांगला मिळतो. नूडल्स घेऊन पोट भरण्यासाठी मात्र इथे एवढे पैसे घालवू नयेत.

रात्रीची गोष्ट ताजच्या मागच्या टुलोच रोडची. बडेमियाँ 1946 पासून. मोहम्मद यासीन यांनी सुरू केलेली शेगडी, आता बसायची जागाही झाली आहे, पण मी रस्त्यावरच उभी राहते. सीख कबाब सगळेच घेतात. तुम्ही बैदा रोटी घ्या आणि ती बनताना बघा. कारागीर मैद्याचा गोळा तेलाच्या हाताने ताणत नेतो, पलीकडचं दिसेल इतका पातळ, तो तव्यावर टाकतो, मध्ये खिमा पसरतो, वर अंडं फोडतो, चारी बाजू आत दुमडून चौकोनी पाकीट करतो आणि उलटतो. सगळं मिनिटभरात होतं आणि एकदाही कड फाटत नाही. खाताना बाहेरचा पापुद्रा कडकडतो, आत अंडं जेमतेम घट्ट झालेलं असतं. गाडीवाले बॉनेटवर कागद पसरून खातात. आम्ही बसने येणारे हातात धरून खातो, चव तीच.

त्याच रस्त्यावर बगदादी आहे. परदेशी पाहुणे, टॅक्सीवाले, कॉलेजची मुलं, सगळे एका टेबलावर. त्यांची रोटी सुपाएवढी असते, एकीत दोघांचं भागतं, आणि रस्सा-मटण किंवा तळलेली कोंबडी घेतली तरी खिशाला झेपतं. या भागात कमी पैशांत पोटभर जेवण कुठे, याचं माझं उत्तर गेली कित्येक वर्षं हेच आहे. सजावट शोधू नये, टेबल पुसून मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि जेवण झालं की जागा सोडावी, मागे माणसं उभी असतात.

बिर्याणी हवी असेल तर दिल्ली दरबार, रिगलजवळच. गोडासाठी खुश्रू बाग या पारशी वसाहतीला लागून थिओब्रोमा. पारशी घरातल्या मुलींनी 2004 मध्ये सुरू केलेलं हे पहिलं दुकान. आता शाखा ठिकठिकाणी झाल्या, तरी ब्राउनी इथलीच घ्यावीशी वाटते. मावा केकही घ्या, चहाबरोबर घरी चालतो. बटाट्याच्या वेफर्ससाठी कॅमी, साधे खारे वेफर्स, मसाल्याच्या वाटेला जाऊ नका.

एक खंत मात्र आहे आणि ती मनापासूनची आहे. हे बेट मुळात कोळ्यांचं. आजही ससून डॉकवर पहाटे बोटी लागतात, कोळणींचा लिलाव चालतो, मच्छीमार नगरच्या बायका टोपल्या घेऊन बाजारात बसतात. इराणचं, कराचीचं, कँटनचं, गोव्याचं जेवण या रस्त्यावर नाव कमावून बसलं, पण कॉजवेवर कोळी जेवणाचं एक नावाजलेलं हॉटेल मला आजवर सापडलेलं नाही. बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी, एवढ्या तीन गोष्टी कोणी मनापासून रांधून वाढल्या तर डॉकपासून दहा मिनिटांच्या आत त्याला माल मिळतो आणि गिऱ्हाईक तर दारातून वाहतंच आहे. कुलाबा कोळीवाड्यातल्या कोणा ताईने हे मनावर घ्यावं. पहिल्या दिवशी आमचा सगळा जुना सेक्शन येईल, हे मी लिहून देते.

जायचं कसं? चर्चगेटहून चालत पंधरा-वीस मिनिटं, सीएसएमटीहून बेस्टची बस. रविवारी संध्याकाळी फुटपाथवर कानातले आणि चपला घेणाऱ्यांची गर्दी असते, दोन दुकानांमधलं अंतर तोडायलाच वेळ जातो. खायचाच बेत असेल तर मंगळवार-बुधवार बरा.

आणि बिल. पर्यटकांचा रस्ता असल्यामुळे काही ठिकाणी, नाव घेत नाही, न विचारता सर्व्हिस चार्ज जोडतात. मला एकदा दहा टक्के लावले होते. हा चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. टीप द्यायची तर वेटरच्या हातात द्यावी. बिल आलं की खालच्या ओळी वाचा, चार्ज दिसला तर शांतपणे काढायला सांगा. मी सांगितलं आणि त्यांनी नवीन बिल करून दिलं.