बॅटल रॅपची तयारी : आधी रिबटल की आधी मंचावरचा वावर?

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा मालवणात राहून बॅटल रॅपमध्ये, म्हणजे दोन रॅपरांच्या समोरासमोरच्या शाब्दिक सामन्यांत, उतरू पाहणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न वेळेचा असतो. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून सरावाला मिळणारे तास मोजकेच असतात. ते प्रतिस्पर्ध्याच्या ओळीला जागच्या जागी उत्तर देण्याच्या, म्हणजे रिबटलच्या, सरावाला द्यावेत की आवाज, थांबे, नजर आणि मंचावरचा वावर सुधारण्याला द्यावेत, हे त्याला ठरवावे लागते. दोन्ही हवेत, हे उत्तर खरे असले तरी त्याचा उपयोग काही नाही.

हा वाद बॅटल रॅपइतकाच जुना आहे. १९८१ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड या क्लबमध्ये बिझी बी आणि कूल मो डी यांच्यात झालेला सामना या कलेच्या इतिहासात वळणाचा मानला जातो. बिझी बी हा गर्दीला आपल्यामागे बोलायला लावण्यात, टाळ्या घेण्यात आणि मंच ताब्यात ठेवण्यात वाकबगार होता. त्याच्यानंतर मंचावर आलेल्या कूल मो डीने गर्दीची मनधरणी न करता थेट बिझी बीलाच लक्ष्य केले आणि त्याच्या ठरलेल्या शैलीची चिरफाड केली. तेव्हापासून प्रतिस्पर्ध्याला उद्देशून बोललेल्या शब्दाला नुसत्या रंजनापेक्षा अधिक वजन आले. मात्र यावरून रिबटल हेच सर्वस्व असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण पुढे स्पर्धांचे स्वरूपच दुभंगले.

एका प्रकारात संगीत नसते. दोघे समोरासमोर उभे राहतात, बहुधा तीन फेऱ्या होतात आणि मजकूर आधी लिहून पाठ केलेला असतो. अमेरिकेतील अल्टिमेट रॅप लीग, कॅनडातील किंग ऑफ द डॉट आणि फिलिपिन्समधील फ्लिपटॉप या मंचांनी हा प्रकार रूढ केला. दुसऱ्या प्रकारात बीट, म्हणजे संगीताचा ठेका, वाजत असतो आणि सारे काही तिथल्या तिथे रचायचे असते; यालाच फ्रीस्टाइल म्हणतात. स्पॅनिश भाषिक जगात २००५ पासून भरणारी रेड बुल बाताया ही त्यातली सर्वांत गाजलेली स्पर्धा. त्याच जगातील फ्रीस्टाइल मास्टर सिरीजमध्ये परीक्षक प्रत्येक कडव्याला ० ते ४ गुण देतात आणि मंचावरच्या सादरीकरणाचे गुण वेगळे, पण थोडे असतात. म्हणजे दुसऱ्या प्रकारात उत्तर हाच सामन्याचा गाभा आहे, तर पहिल्या प्रकारात रिबटल हे बहुधा फेरीच्या सुरुवातीच्या दोन-चार ओळींपुरते असते आणि उरलेली फेरी पाठांतर व वावर यांवर तरते.

रिबटल कसे घडते ते जवळून पाहू. समजा, समोरचा म्हणाला, ‘माझ्या लाटेपुढे तुझी होडी टिकायची नाही.’ त्याला उत्तर असे देता येईल : ‘लाट म्हणवतोस स्वतःला, पण ओहोटी आता लागली, होडी माझी धक्क्याला, तुझीच वाळू उघडी पडली.’ ऐकणाऱ्याला या ओळी क्रमाने सुचल्यासारख्या वाटतात, परंतु रचना उलटी झालेली असते. आधी ‘उघडी पडली’ हा दुहेरी अर्थाचा शेवट हाती लागतो, मग त्याच्याशी जुळणारे यमक शोधून पहिली ओळ बांधली जाते. ‘लाट’ आणि ‘होडी’ हे समोरच्याचेच शब्द परत आल्यामुळे उत्तर घरून लिहून आणलेले नाही, हे श्रोत्यांना पटते. ही खूण महत्त्वाची आहे, कारण अनुभवी स्पर्धक प्रतिस्पर्धी काय बोलेल याचा अंदाज बांधून तयार उत्तरेही खिशात ठेवतात आणि जाणता श्रोता ती चटकन ओळखतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने ‘आहे’, ‘नाही’, ‘गेला’, ‘आला’ अशी यमके फुकटात मिळतात. त्यामुळे सरावात त्यांच्यावर बंदी घालावी आणि नामांवर यमक जुळवण्याची सवय लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वावराची बाजू दिसायला सोपी, म्हणून अधिक दुर्लक्षित. नवखा स्पर्धक जोरदार ओळ टाकतो, श्रोते ओरडतात आणि तो न थांबता पुढची ओळ म्हणून टाकतो. ती ओळ गोंगाटात बुडते आणि तिच्यावर रचलेली पुढची कोटीही वाया जाते. श्वास कुठे घ्यायचा, ओळीचा शेवटचा शब्द कोणाकडे पाहून उच्चारायचा, प्रतिस्पर्धी बोलत असताना चेहरा कसा ठेवायचा, हे सारे वावरातच येते. समोरच्याच्या चांगल्या ओळीवर खजील झालेला चेहरा श्रोत्यांना त्या ओळीपेक्षा अधिक सांगून जातो. गणेशोत्सवातील मंडपात किंवा किनाऱ्यालगतच्या उघड्या मैदानात तर वाऱ्याने आणि कर्ण्यांच्या घुमण्याने निम्मी अक्षरे गिळली जातात, तेव्हा स्पष्ट उच्चाराला पर्याय उरत नाही.

आता या दोन गोष्टी कोकणात शिकायच्या कोठे? शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे जाखडीचे, सामने हा पहिला विचार कोणाच्याही मनात येतो. दोन शाहीर, ढोलकी, घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण आणि सवाल-जवाब हे सारे बॅटल रॅपच्या जवळचे वाटते. सिंधुदुर्गातील डबलबारी भजनातही दोन बुवा एकमेकांना गजरातून चिमटे काढतात. तरीही झटपट उत्तरासाठी हे गुरू अपुरे पडतात, असे मला वाटते. शाहिराच्या सवालाचा भर पुष्कळदा पुराणातील कोड्यावर असतो आणि जवाब पाठांतरातून येतो. डबलबारीत समोरच्याची बारी संपेपर्यंत बुवांना विचार करायला चांगलाच अवधी मिळतो, तर बॅटल रॅपमध्ये काही क्षण. शिवाय बुवा पेटीशी बसलेले असतात, त्यामुळे उभ्याने मंच व्यापण्याचे शिक्षण तेथे मिळत नाही. चाल, ठेका आणि टोमणा बेताने मारण्याचे भान मात्र या दोन्ही ठिकाणांइतके अन्यत्र मिळणार नाही.

क्षणात उत्तर देण्याचे खरे शिक्षण दशावतारात आहे. आख्यानाचे कथानक ठरलेले असते, पण संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस एकमेकांचे वाक्य पकडून बोलतात आणि तेही जत्रेच्या रात्री, एखाद्या बाकड्याखेरीज नेपथ्य नसलेल्या मंचावर, पहाटेपर्यंत श्रोत्यांना जागे ठेवत. तेथे उत्तर आणि वावर वेगळे काढताच येत नाहीत. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यात राहणाऱ्याने यूट्यूबवरील परदेशी सामने पाहण्याइतकाच वेळ जत्रेतल्या नाटकाला दिला, तर त्याला दोन्हींचे धडे एकाच ठिकाणी मिळतील. गुहागर-दापोलीकडच्या मुलाला ही सोय सहज नाही. त्याने जाखडीत निदान काही काळ कोरसला उभे राहावे, कारण त्याने दम वाढतो.

माझा कल सांगतो. लिखित, तीन फेऱ्यांच्या सामन्यात पहिल्यांदाच उतरणाऱ्याने सरावाचा मोठा वाटा पाठांतराला आणि वावराला द्यावा. ओळ विसरून मंचावर गप्प होणे, ज्याला या जगात चोक म्हणतात, ते एका उत्तम रिबटलने भरून निघत नाही. त्यातच उत्तर रचण्याच्या नादात पाठ केलेली पुढची ओळ निसटण्याचा धोका नवख्याला सर्वाधिक असतो. बीटवरच्या फ्रीस्टाइल स्पर्धेत जाणाऱ्याने नेमके उलट करावे. तेथे देखणा वावर आणि फिके उत्तर असलेला स्पर्धक पहिल्याच सामन्यात बाहेर पडतो. ज्याचा आवाज मुळातच खणखणीत आहे, भजनात किंवा एकांकिकेत जो उभा राहिला आहे, त्याने प्रकार कोणताही असला तरी रिबटलकडे वळावे, कारण त्याची वावराची शिदोरी आधीच भरलेली आहे.

नाणेफेकीचा निर्णयही यावरूनच घ्यावा. रिबटलवर भिस्त असलेल्याने दुसरी पाळी मागावी, म्हणजे प्रत्येक फेरीत उत्तर देण्यासारखे काही हाती असते आणि शेवटच्या फेरीत त्याला प्रत्युत्तर देणारा कोणी उरत नाही. वावरावर भिस्त असलेल्याने पहिली पाळी घ्यायला कचरू नये, कारण तेव्हा श्रोते ताजे असतात आणि सामन्याचा सूर ठरवण्याची संधी त्याच्याकडे येते.