साडेचौतीस इंचांसाठी घेतलेलं मशीन

मशीन: दोन टप्प्यांचा पेट्रोल स्नो ब्लोअर (बर्फ ओढून दूर भिरकावणारं मशीन), रुंदी २४ इंच. वापर: फेब्रुवारी २०१५ ते मार्च २०२४. ठिकाण: श्रूजबरी, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला चिकटून. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या मापाचं मशीन कुणाचंही घ्या, अनुभव साधारण हाच येईल. शिवाय पुढे थोडी कुरकुर आहे, ती एकाच कंपनीच्या माथी कशाला मारू?

मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी कुणीतरी नवीन घर घेतलेलं जोडपं विचारतं, "ताई, स्नो ब्लोअर कुठला घेऊ?" परवा गराजमध्ये टाकीतलं पेट्रोल काढत बसले होते, तेव्हा ठरवलं की एकदाच नीट लिहून टाकावं. पेट्रोल काढताना हेही लक्षात आलं की यंदाच्या, म्हणजे २०२३-२४ च्या, हिवाळ्यात मशीन जेमतेम दोनदा बाहेर आलं. ७ जानेवारीला खरं काम होतं. दुसऱ्यांदा मीच हौसेने काढलं. तेवढा बर्फ खराट्यानेही गेला असता.

घेतलं का, ते आधी सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

२६ जानेवारी २०१५, सोमवार. सासूबाई चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सकाळी त्यांनी लॅपटॉपवर दिल्लीची परेड पाहिली. पाहुणे होते ओबामा, आणि तिकडे पाऊस पडत होता. "तुमचे ओबामा आमच्याकडे, आणि मी इथे," असं म्हणून त्यांनी चहा घेतला. इकडे टीव्हीवर सकाळपासून एकच विषय: वादळ येतंय. मध्यरात्रीपासून राज्यभर गाड्या रस्त्यावर आणायला बंदी, असं गव्हर्नर बेकर यांनी जाहीर केलं. दुकानात पाव आणि दूध संपलं होतं. हा इथला रिवाजच आहे. बर्फ म्हटलं की लोक पाव, दूध आणि अंडी उचलतात, जणू आठवडाभर फ्रेंच टोस्टच खाणार आहेत.

सासूबाईंची तयारी वेगळी. त्यांनी २००५ चा वाशिष्ठीचा पूर पाहिलेला. त्यांनी आधी पासपोर्ट आणि कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. मी म्हटलं, "आई, अहो, हे पाणी नाही, बर्फ आहे." त्या म्हणाल्या, "वितळल्यावर काय होतं त्याचं?" यावर मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी चार नारळ फोडून खवले. फ्रीझरमध्ये जागा नव्हती, म्हणून त्या चवाच्या पिशव्या डेकवरच्या बर्फात पुरल्या. रविवारच्या बर्फात पुरल्या, आणि वर साडेचौतीस इंच पडला. त्यातली एक पिशवी एप्रिलमध्ये सापडली. सोलकढी केली नाही, पण वास घेऊन पाहिला. ठीक होता.

साडेचौतीस इंच हा आकडा माझा नाही. वूस्टरला एका वादळात पडलेला हा तोवरचा सर्वांत जास्त बर्फ. आधीचा विक्रम १९९७ च्या एप्रिल फूलच्या वादळाचा, ३३ इंच. गंमत म्हणजे सगळा गाजावाजा न्यूयॉर्कचा होता. तिथे दोन फूट पडेल म्हणून सबवेसुद्धा बंद ठेवली, आणि सेंट्रल पार्कात दहा इंचही भरला नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनहून माझा मावसभाऊ फोन करून हसत होता, "कुठंय तुमचं वादळ?" वादळ आमच्या दाराशी होतं. इथे नॉरईस्टर म्हणतात त्याला. किनाऱ्यालगत समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार होतो, वर सरकत नॅनटकेट बेटाच्या आसपास येतो, आणि ईशान्येकडून समुद्रावरचा ओला वारा आत ढकलत राहतो. शंभर-दीडशे किलोमीटर इकडे-तिकडे झालं की एका शहरात सुट्टी आणि दुसऱ्यात हाहाकार.

आणि बर्फ पडला म्हणजे ब्लिझर्ड, असं नाही बरं का. ताशी ३५ मैलांचा वारा, पाव मैलापलीकडचं दिसत नाही, आणि हे सलग तीन तास, तेव्हा हवामान खातं तो शब्द वापरतं. मंगळवारी सकाळी खिडकीतून समोरच्या घराचा दिवा दिसत नव्हता. घर तर नव्हतंच. आवाज असा की कुणीतरी भिंतीवर सतत तांदूळ फेकतंय. सासूबाई खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. पिठलंभातही तिथेच.

बुधवारी आम्ही फावडी घेऊन उतरलो. नवरा, मी आणि आठवीतला मुलगा. ड्राइव्हवे, म्हणजे गराजपासून रस्त्यापर्यंतची वाट, साठ फूट लांब. बर्फ कोरडा होता, हलका, तरी कमरेएवढा बर्फ उचलून डोक्याएवढ्या ढिगावर टाकायचा म्हणजे काय ते पाठीला विचारा. ड्राइव्हवेच्या तोंडाशी पोचलो तर प्लाऊने, म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या ट्रकने, रस्ता साफ करताना तिथे घट्ट बर्फाचा बांध घालून ठेवलेला. सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं, हा तर गडगाच घातलाय की!" तेव्हापासून आमच्या घरात त्याला गडगाच म्हणतात. गुरुवारी नवऱ्याची कंबर धरली. २ फेब्रुवारीला पुन्हा बर्फ. ७ ते १० फेब्रुवारी पुन्हा, तोही तीन दिवस रिपरिप. त्या फेब्रुवारीत एकट्या बॉस्टनला ६४.८ इंच पडला, पूर्ण हिवाळ्यात ११०.६. टाकायला जागाच उरली नाही. पत्रपेटी गेली, ती कुठे होती एवढं फक्त आठवत होतं.

मशीन कुठेच मिळत नव्हतं. एका दुकानाने पैसे घेऊन शनिवार सांगितला आणि बुधवारी आणलं. मध्ये रोज फोन, रोज "ट्रक निघालाय." हजार डॉलर, वर सव्वासहा टक्के सेल्स टॅक्स. पण १४-१५ फेब्रुवारीच्या वादळाला मशीन दारात होतं.

आता खरं परीक्षण.

दोन टप्पे म्हणजे काय: पुढचा मळसूत्रासारखा ऑगर बर्फ कापून आत ओढतो आणि मागचा पंखा तो धुराड्यातून, म्हणजे चूटमधून, दूर भिरकावतो. एका टप्प्याच्या लहान मशीनमध्ये हे सगळं एकच पातं करतं, त्यामुळे ते गडग्यापुढे हात टेकतं. माझं मशीन गडग्यात शिरतं. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे, अशी ढुशी देत. पहिल्या दिवशी ती बर्फाची कमान तीस फूट लांब लॉनवर पडताना पाहिली आणि मी हसत सुटले. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. साठ फुटांचा ड्राइव्हवे पाऊण तासात. आधी तिघांना दोन दिवस लागले होते.

मशीन मीच चालवते. वजन दोनशे पौंडांवर असलं तरी चाकं स्वतः चालतात, तुम्ही फक्त वळवायचं. वळवायला मात्र ताकद लागते. ही पहिली कुरकुर. आता बटण दाबून एक चाक मोकळं करता येतं, तशी मशीन निघाली आहेत. पाच फुटांची बाई चालवणार असेल तर थोडे पैसे जास्त द्या आणि तेच घ्या. दुसरी कुरकुर चूट फिरवायच्या दांड्याची. थंडीत अडकतो. सिलिकॉनचा स्प्रे मारला की सुटतो, पण उणे पंधराला हातमोजे काढून स्प्रे कोण मारणार?

प्लगचं स्टार्टर हवंच. भिंतीतल्या प्लगला वायर लावायची, चोक ओढायचा, बटण दाबायचं. दोरी ओढून सुरू करणं जानेवारीच्या पहाटे माझ्याने होत नाही, आणि आता नवऱ्यानेही होत नाही, फक्त तो कबूल करत नाही.

मशीनच्या तोंडाची उंची २१ इंच. म्हणजे ज्या साडेचौतीस इंचांसाठी ते घेतलं, ते त्याच्या डोक्यावरून गेले असते. हे मला घरी आणल्यावर कळलं. मोठ्या वादळात दर आठ-दहा इंचांनी बाहेर पडून एक फेरी मारायची, हाच उपाय. पुस्तिकेत पान १४ वर लिहिलंय.

तीस-बत्तीस फॅरनहाइटच्या, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या, आसपास पडणारा ओला, जड बर्फ हा याचा खरा शत्रू. मार्च २०१८ मध्ये तीन आठवड्यांत चार नॉरईस्टर आले. त्यातल्या एकाचा बर्फ असा ओला की चूट दर पाच मिनिटांनी तुंबायची. तुंबली की इंजिन बंद करायचं आणि मशीनसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या काठीने खरवडायचं. हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पंख्यात ताण साठलेला असतो, बर्फ सुटला की तो गर्रकन फिरतो. दरवर्षी लोकांची बोटं अशीच जातात. हे वाक्य दोनदा वाचा.

शिअर पिना चार-सहा जास्त आणून ठेवा. ऑगरमध्ये काही अडकलं की ही स्वस्तातली पिन मुद्दाम तुटते आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. माझी पहिली पिन शेजाऱ्याच्या वर्तमानपत्राने घेतली. बर्फाखाली ते गोठून वीट झालेलं. दुसरी आमच्याच पायपुसण्याने.

सगळ्यात मोठा घोळ मात्र माझा. २०१७ च्या वसंतात पेट्रोल तसंच टाकीत ठेवलं. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, सहा-आठ महिन्यांत ते बिघडतं आणि कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो. जानेवारीत मशीन सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने तीन आठवडे ठेवून घेतलं, फोन उचलला नाही, आणि दीडशे डॉलर घेतले. त्याच्या नावाने बोटं मोडली, पण पेट्रोल मीच ठेवलं होतं. तेव्हापासून मार्चअखेरीस टाकी रिकामी करते आणि आपोआप बंद पडेस्तोवर इंजिन चालू ठेवते. बाहेर अंगणात, गराजमध्ये नाही.

गराजमध्ये नाही, यावरून पलीकडच्या घरातले आजोबा आठवतात. मी मशीन लावलं की ते अजून दारात येतात, आणि १९७८ चं वादळ काढतात. ६ फेब्रुवारी १९७८. बॉस्टनभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या रस्त्यावर तीन हजारांवर गाड्या अडकल्या, त्यात एक यांची. काही लोक गाडीतच दगावले, धूर बाहेर पडायची नळी बर्फाने बुजली आणि कार्बन मोनॉक्साइड आत साठला. आजोबा एका चर्चमध्ये दोन रात्री राहिले. गव्हर्नर डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर यायचे, आठवडाभर गाड्यांना बंदी, लोक भर रस्त्यावर स्की करत किराणा आणायचे. त्या वादळात शंभराच्या आसपास माणसं गेली, हे आजोबांना माहीत आहे, सांगतातही. आणि तरी सांगताना चेहरा असा उजळतो की पुन्हा ते वादळ द्या म्हटलं तर आज दुपारी घेतील. आधी मला हे विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. २००८ च्या डिसेंबरातलं गारठलेल्या पावसाचं वादळ मात्र इथे कुणी मागत नाही. झाडांवर काचेसारखा बर्फ, रात्रभर फांद्या मोडल्याचे बंदुकीसारखे आवाज, आणि आठ दिवस वीज नाही. त्यात मशीनचा काही उपयोगही नाही.

बॉस्टनला २०२२-२३ च्या हिवाळ्यात १२.४ इंच पडला आणि २०२३-२४ मध्ये दहाही नाही. आम्ही आत, उंचावर, आमच्याकडे थोडा जास्त पडतो, पण तोही पूर्वीसारखा नाही. त्यामुळे नवीन जोडप्यांना माझा सल्ला: ड्राइव्हवे दोन गाड्यांपुरता असेल तर बॅटरीवरचं लहान मशीन आणि दोन चांगली फावडी पुरतात. लांब ड्राइव्हवे असेल, किंवा प्लाऊवाला तुमच्या तोंडाशी गडगा घालत असेल, तरच हे घ्या. आणि ऑगस्टमध्ये घ्या, फेब्रुवारीत नको.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या दांड्याचा कापला.

मुलगा आता टेक्सासला असतो. सासूबाईंचे गुडघे प्रवास नको म्हणतात, त्या चिपळूणलाच असतात. नोव्हेंबर लागला की दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "पडला का गं?" परवा मी सांगितलं की समोरचा नवीन मुलगा मशीन विकत मागतोय, चारशे डॉलर देतो म्हणतो.

"मग दिलंस?"

"नाही आई. पेट्रोल काढून ठेवलंय फक्त."