अंधाऱ्या स्टेजसमोर कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम

नोकरी सांभाळून फोटो काढणाऱ्याने कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सनंतर एकच लेन्स घ्यायची असेल, तर माझं मत कॅननच्या ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएमला (एसटीएम म्हणजे फोकस करणारी स्टेपिंग मोटर). मी गाण्याचे कार्यक्रम टिपतो, माणसांचे फोटो काढतो आणि सुट्टीत कुठे फिरायला गेलो की कॅमेरा गळ्यात असतोच. पहिल्या दोन कामांना ही लेन्स पुरून उरते. तिसऱ्याला ती एकटी पुरत नाही, आणि हे घेण्याआधीच माहीत असलेलं बरं.

आधी उजेडाचं बोलू. साधी १८-५५ किट लेन्स ५५ पर्यंत झूम केली की एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). ही १.८ पर्यंत उघडते, म्हणजे सेन्सरवर जवळपास दहापट उजेड. छोट्या हॉलमध्ये आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर किट लेन्सला शटर १/२० सेकंदावर आणावा लागत असेल, तर हिच्यावर तोच १/२०० ला नेता येतो. १/२० ला गायिकेने नुसती मान वळवली तरी चेहरा पुसला जातो. १/२०० ला मिटलेले डोळे, गळ्याची ताणलेली शीर, कपाळावरचा घाम, सगळं येतं. ड्रमरच्या काठ्या मात्र १/२०० लाही हलतात, आणि मला त्या हललेल्याच आवडतात. चेहरा स्थिर आणि काठ्या धूसर असल्या की फोटोत ताल दिसतो.

स्टेजवर मी एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, मॅन्युअल ठेवतो. मागे काळा पडदा आणि चेहऱ्यावर स्पॉटलाइट असला की कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या फ्रेमचा हिशोब धरतं, अंधार उजळायला जातं आणि चेहरा पांढराफटक करून टाकतं. लाल-निळ्या एलईडीखाली रंगांचे हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचे आलेख, वेगवेगळे बघावेत. एकूण आलेख ठीक दिसत असतो, पण लाल चॅनेल कधीच कडेला जाऊन आदळलेला असतो. अशा उजेडात रॉ फाइलला, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीला, पर्याय नाही.

फोकसला खरा अडथळा माइकचा. तो तोंडापुढे असतो आणि फोकस डोळे सोडून त्याच्यावर जाऊन बसतो. म्हणून मी समोर न बसता स्टेजच्या कडेला उभा राहतो आणि मधला पॉइंट जवळच्या डोळ्यावर ठेवून ओळ संपायची वाट बघतो. ओळ संपली की गाणारा श्वास घ्यायला माइकपासून किंचित मागे सरतो. तेवढ्यात चेहरा मोकळा मिळतो. शब्द गातानाच्या फोटोंत तोंड वेडंवाकडं दिसतं. श्वासाच्या त्या क्षणाला माणूस गाण्यात असतो आणि देखणाही दिसतो. कार्यक्रमातले माझे आवडते फोटो बहुतेक तिथलेच आहेत. कोणाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायची वेळ ही लेन्स आणत नाही, याचं मला फार मोल वाटतं.

१.८ वर फोकसची खोली किती, म्हणजे पुढे-मागे किती अंतर स्पष्ट येतं, हे हातात बसलेलं असावं. एपीएस-सी सेन्सरवर (३५ एमएम फिल्मएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान) साडेचार मीटरवरच्या गायकाला साधारण अर्धा मीटर मिळतो. चेहरा आणि हातातली गिटार दोन्ही सांभाळली जातात. दोन मीटरवर तेच जेमतेम ११ सेंटीमीटर, आणि एका मीटरवर तीनही नाही. त्यामुळे जवळून माणसांचे फोटो काढताना मी २.८ वर येतो. नाक आणि कान इतके मऊ पडत नाहीत, मागची गर्दीही पुरेशी विरघळते.

एपीएस-सीवर ही लेन्स फुल फ्रेमच्या ८० एमएमइतकं दिसणं देते. पोर्ट्रेटला हे अंतर अगदी नेमकं आहे. समोरच्याच्या अंगावर न जाता बोलता येतं आणि बोलता बोलता फोटो काढता येतो. छोटी, १६० ग्रॅमच्या आसपासची लेन्स बघून माणसं आवरून बसत नाहीत. बंदरावर जाळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचे फोटो मी असेच काढले. सुई गाठीतून जाताना त्याचा अंगठा आणि दातांत धरलेला दोरा, एवढंच फ्रेममध्ये. त्याने मान वर केली, हसला आणि पुन्हा कामाला लागला.

पण त्याच बंदराची सगळी रांग, मागचं आभाळ आणि होड्या एका फ्रेममध्ये हव्या असतील तर ही लेन्स घेऊन कितीही मागे गेलात तरी भिंत आड येते. अरुंद गल्लीत तर हिचं काही चालत नाही. प्रवासात सोबत किट लेन्स हवीच, किंवा १२५ ग्रॅमची चपटी २४ एमएम एफ/२.८ एसटीएम.

जुनी, १९९० ची दुसरी आवृत्ती कोणी वापरलेली देऊ करत असेल तरी माझा सल्ला २०१५ च्या या एसटीएमचा. जुनीचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारी कडी, प्लॅस्टिकचा होता, हिचा धातूचा आहे. जुनीत लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणारी पाच पाती होती, त्यामुळे एफ/२.८ ला मागचे दिवे पंचकोनी उमटायचे. हिच्यात गोलसर सात पाती आहेत. जुनी ४५ सेंटीमीटरच्या आत फोकस होत नसे, ही ३५ पर्यंत येते.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा हादरा सावरणारी सोय, नाही, तेव्हा हात स्थिर ठेवायची सवय हवी. फोकस रिंग मोटरमार्फत चालते, म्हणून कॅमेरा बंद असताना फिरवून उपयोग नाही. जवळचा फोटो काढल्यावर पुढची नळी बाहेर आलेली असते. बॅगेत टाकण्याआधी, कॅमेरा चालू असतानाच फोकस दूरवर नेऊन ती आत घ्या. लेन्सच्या तोंडावर बसणारा ईएस-६८ हूड वेगळा घ्यावा लागतो आणि तो घ्याच. कडेच्या स्टेजलाइटमुळे काळे रंग फिके पडतात ते त्याने बरेच आवरतं, शिवाय गर्दीत धक्का लागला तर तो हूडला लागतो, नळीला नाही.

आरएफ माउंटचा (कॅननचा मिररलेस) कॅमेरा असेल तर अ‍ॅडॅप्टर लावून ही चालते. पण नव्याने घेणाऱ्याने २०२० ची आरएफ ५० एमएम एफ/१.८ घ्यावी, वजन तेवढंच, आणि मध्ये अ‍ॅडॅप्टरची लांबी नाही.