शोला उभं कुठे राहायचं, बॅरिकेडला चिकटून की साऊंड डेस्कपाशी?

आवडत्या बँडचा शो आहे म्हटल्यावर सगळे पुढे, स्टेजसमोरच्या बॅरिकेडकडे पळतात, आणि मजा आहेच त्यात, गिटारवाल्याची बोटं दिसतात, ड्रमरचा घाम दिसतो, गाणं सुरू झालं की मागून असा लोंढा येतो की पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेच कळत नाही. पण खरं सांगू का, आवाज तिथे बेकार असतो. मोठे स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले, त्यांचा मारा बराचसा तुमच्या डोक्यावरून मागे जातो, समोर सबवूफर, म्हणजे खालच्या जड आवाजाचे स्पीकर, छातीत धडधडतात, झांजा थेट कानात, आणि गाणाऱ्याचा आवाज कुठेतरी गायब. शिवाय पाणी प्यायला किंवा बाथरूमला गेलात की जागा गेलीच म्हणून समजा.

साऊंड डेस्कजवळ, म्हणजे शोचा आवाज सांभाळणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलापाशी, उलटं. इंजिनिअर स्वतः तिथे बसून मिक्स करतोय, म्हणजे त्याला जे ऐकू येतं तेच तुम्हाला, बेस गिटारची एकेक नोट सुटी कळते. माणसं मुंगीएवढी दिसतात, ते आहेच. आणि फार मागे नको हां, आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, 100 मीटरवर ड्रमची काठी आधी दिसते, ठोका नंतर येतो.

इअरप्लग मात्र दोन्हीकडे लावाच, डब्ल्यूएचओने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवलीय आणि स्टेजजवळ ती सहज ओलांडली जाते.

पहिल्यांदाच बघताय तर पुढे घुसा, गाणी पाठ असतील तर डेस्क.