दहा मिलिमीटरची नळी: स्केटबोर्डच्या बेअरिंगांचा आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीत नातवासाठी घेतलेल्या स्केटबोर्डचे मागचे उजवे चाक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्या सोसायटीच्या उतारावर, एकाएकी अडकले. बोर्ड जागच्या जागी वळला आणि नातू मात्र ज्या दिशेने निघाला होता त्याच दिशेने पुढे जाऊन कट्ट्यावर आदळला. हेल्मेट होते म्हणून कोपर खरचटण्यावर निभावले. चाक काढून पाहिले तेव्हा आतल्या बेअरिंगचा (आतली रिंग, बाहेरची रिंग आणि मध्ये फिरणाऱ्या गोळ्या, असा हा भाग) पत्र्याचा पडदा चेपला होता, गोळ्यांना धरून ठेवणारी जाळी फुटली होती आणि सात गोळ्यांपैकी तीन एका बाजूला गोळा झाल्या होत्या. त्या बेअरिंगवर ठसठशीत अक्षरांत ‘एबेक ११’ असे कोरलेले होते.

मी बत्तीस वर्षे एका कारखान्याच्या देखभाल विभागात काढली असल्यामुळे हा ठसा पाहून प्रथम हसू आले आणि मग राग आला. एबेक ही अमेरिकी बेअरिंग उत्पादकांच्या समितीने ठरवलेली मापांच्या अचूकतेची श्रेणी आहे. तिच्यात १, ३, ५, ७ आणि ९ एवढेच आकडे आहेत. अकरा नावाची पायरीच नाही. शिवाय ही श्रेणी फक्त माप किती काटेकोर आहे एवढेच सांगते; पोलाद कसले, गोळ्या कशा, जाळी कशाची, वंगण कोणते, उडी मारून खाली आल्यावरचा धक्का सोसेल की नाही, यांतले काहीही सांगत नाही.

विक्रेत्याच्या ग्राहक सेवेशी माझे अकरा वेळा बोलणे झाले. बेअरिंग हा झीज होणारा भाग असल्याने त्याला हमी नाही, हे पहिले उत्तर. वापर ‘अयोग्य पृष्ठभागावर’ झाला, हे दुसरे. आणि शेवटी, तुम्ही अधिक वरच्या एबेकची बेअरिंगे घ्या, असा सल्ला. अकराच्या वर काय घ्यायचे, हे विचारल्यावर फोन ठेवला गेला. चोवीसशे रुपयांच्या बोर्डासाठी याहून अधिक भांडणे माझ्या वयाला परवडणारे नव्हते.

वाचकांना मापे ठाऊक असतीलच. आतला व्यास ८, बाहेरचा २२ आणि जाडी ७ मिलिमीटर असलेले हे ६०८ क्रमांकाचे बेअरिंग आहे. छोट्या मोटरींत, कारखान्यातल्या रोलरांत, मुलांच्या इनलाइन स्केट्समध्ये सगळीकडे हेच असते. पुण्याच्या बोहरी आळीत ते सुटे मिळते, आणि बोर्डाच्या चार चाकांना आठ लागतात. नव्वद रुपयांना एक या दराने, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली आठ घेऊन मी घरी आलो, तेव्हा आपण विक्रेत्यावर मात केली, असेच मला वाटत होते.

पुढची चूक पूर्णपणे माझी. हाताला लागलेल्या सवयीने मी सगळी सील उघडून आत लिथियम ग्रीस ठासून भरले. मोटरीतसुद्धा मोकळ्या जागेचा साधारण एक तृतीयांश भागच भरायचा असतो, हे मी शिकाऊ मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आणि स्वतः मात्र विसरलो. एका ढकलीत चाक तीन फेऱ्यांत थांबू लागले. ‘आजोबा, हा बोर्ड नाही, बैलगाडी आहे,’ असे नातू म्हणाला, आणि ते खरेच होते.

मग गाडी उलट्या टोकाला गेली. रॉकेलमध्ये बेअरिंगे भिजवून, ब्रशने घासून, एक दिवस वाळवून ती मी जवळजवळ कोरडीच लावली. चाकाला बोटाने गती द्यायची आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे, असा नातवाचा खेळ सुरू झाला. चाक चाळीस सेकंदांहून जास्त फिरे आणि घरात टाळ्या पडत. आठवड्याभरात तीच चाके किंचाळू लागली. बोटाने फिरवलेल्या चाकावर भार नसतो, त्यामुळे कोरडे बेअरिंग या परीक्षेत नेहमीच पहिले येते आणि माणूस वर उभा राहिला की नापास होते. आता मी प्रत्येक बेअरिंगात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घालतो, चाक फिरवून ते पसरू देतो आणि जास्तीचे पुसून टाकतो. त्या निळ्यापिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० चा फवारा मारून भागते, असे मानणाऱ्यांना एवढेच सांगतो की त्याच्या नावातच (डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’) पाणी हटवणे आहे. तो मळ सोडवतो, पण वंगण म्हणून टिकत नाही.

फेब्रुवारीत मुलाने परदेशी बनावटीच्या आठ बेअरिंगांचा संच मागवला, एकोणीसशे रुपयांना. मी विरोध केला. साधा हिशेब आहे. ५२ मिलिमीटर चाकाचा परीघ सुमारे १६३ मिलिमीटर. ताशी १४ किलोमीटर वेगाने जाताना ते मिनिटाला साधारण १४३० फेरे घेते, म्हणजे चार पोलांच्या साध्या मोटरीएवढे. ती मोटर सर्वसाधारण श्रेणीच्या बेअरिंगांवर वर्षानुवर्षे चालते. अतिअचूक माप ही स्केटबोर्डची गरजच नाही. गरज आहे ती धूळ बाहेर ठेवण्याची आणि आडव्या धक्क्याने जाळी न फुटण्याची. मात्र संच आल्यावर मला माझे मत थोडे बदलावे लागले. त्याची जाळी जाड, एकसंध नायलॉनची होती आणि रबरी पडदा सेफ्टी पिनेच्या टोकाने सहज निघे, तोही न वाकता. पहिल्या बेअरिंगांचा पत्रा एकदा काढला की परत बसतच नसे. एकोणीसशे रुपये तरीही जास्तच, पण स्वच्छता सोपी होण्याला काही किंमत आहे, हे मान्य करतो.

आणि तीन आठवड्यांनी तोही संच खरखरू लागला. तेव्हा माझे डोके ठिकाणावर आले.

चाकाचा नट पूर्ण आवळला की चाक जड होई आणि अर्धा फेरा सैल केला की मोकळे फिरे. कारण उघड होते, आणि ते मला तीन महिने दिसले नाही याची लाज वाटते. चाकात दोन बाजूंनी दोन बेअरिंगे बसतात आणि त्यांच्या बाहेरच्या रिंगा चाकाच्या आतल्या कडेला टेकतात. आतल्या रिंगांच्या मध्ये मात्र आधाराला काहीच नव्हते. नट आवळताच त्या एकमेकींकडे ढकलल्या जात, गोळ्या खोबणीच्या कडेवर चढत आणि तिथेच घासत. नट सैल ठेवावा तर आतली रिंग ॲक्सलवर, म्हणजे चाकाच्या दांड्यावर, फिरून ॲक्सल खाते. या दोन रिंगांच्या मध्ये एक नळी लागते, तिला स्पेसर म्हणतात, आणि स्वस्त बोर्डांत ती सर्रास गाळलेली असते. कारखान्यात दोन बेअरिंगांच्या मध्ये स्पेसर न घालता नट आवळणाऱ्या मुलाला मी सगळ्यांदेखत झापले असते.

पुष्कळ जण स्पेसरशिवाय वर्षानुवर्षे बोर्ड चालवतात, हे मला ठाऊक आहे. काही बेअरिंगांत आतली रिंगच लांब करून स्पेसर व वॉशर तिच्यातच दिलेले असतात, त्यांची गोष्ट निराळी. बाकीच्यांनी पुढचे नीट वाचावे, कारण या पूर्ण लेखात मला खरे सांगायचे आहे ते एवढेच आहे. ऑनलाइन मागवलेले चार स्पेसर ‘दहा मिलिमीटर’ म्हणून आले. व्हर्नियरवर ते ९.६ भरले. माझ्या चाकांत दोन्ही कडांमधले अंतर १०.० ते १०.१ होते. चार दशांश मिलिमीटर म्हणजे काय, असे कुणाला वाटेल. पण नळी टेकण्याआधीच रिंगा तेवढ्या आत सरकणार असतील, तर ती नळी फक्त खुळखुळ्यासारखी वाजते आणि कामाची राहत नाही. शेवटी भोसरीतल्या एका ओळखीच्या टर्नरकडे गेलो. त्याने ८ मिलिमीटर ॲक्सलवर सरकेल इतपत भोक ठेवून, बाहेरून १० मिलिमीटरच्या चार नळ्या टोके सपाट कापून बरोबर १०.१५ लांबीच्या करून दिल्या, धारा मोडून दिल्या आणि चहासकट दीडशे रुपये घेतले. त्या घातल्यावर नट पूर्ण आवळला, चाक हाताने हलवून पाहिले तर नखभर आडवी हालचाल, आणि फिरवले तर आवाजच नाही. एकोणीसशेच्या संचाने जे झाले नाही ते दीडशे रुपयांत झाले.

नटांचाही एक किस्सा आहे. चाकांचे नट नायलॉक प्रकारचे, आत नायलॉनचे कडे असलेले, असतात आणि पाच-सहा वेळा काढल्यावर त्यांतले नायलॉन सैल पडते. हार्डवेअरच्या दुकानातल्या मुलाने आठ नंबरचा मेट्रिक नट बळेच चढवायला सुरुवात केली. दीड आटा गेला आणि अडकला. ॲक्सलचे आटे इंचातले असतात, पाच सोळांश व्यास आणि इंचाला २४ आटे. मी हात धरला नसता तर ट्रक, म्हणजे ॲक्सल धरणारा धातूचा अख्खा भाग, बदलावा लागला असता. पाना मात्र आपला १३ नंबरचा चालतो.

चाकांबद्दल थोडक्यात सांगतो. बोर्डाबरोबर आलेली १०० ए कठीणपणाची चाके गुळगुळीत काँक्रीटसाठी ठीक असतील, आमच्या पेव्हर ब्लॉकांवर ती दात हलवतात. मे महिन्यात ६० मिलिमीटरची, ७८ ए ची मऊ चाके घेतली; वळताना ती डेकला, म्हणजे वरच्या फळीला, घासू नयेत म्हणून ट्रकखाली तीन मिलिमीटरची रबरी पट्टी घातली. स्पेसर तेच बसले, पण मोजून पाहूनच बसवले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी अमेरिकेत युरेथेनची चाके आणण्यापूर्वी मुले पोलादी नाहीतर भाजक्या मातीच्या मिश्रणाच्या चाकांवर हा खेळ खेळत, आणि बेअरिंगच्या जागी जुन्या सायकलीच्या हबसारख्या सुट्या गोळ्या असत. आमच्या उतारावर ती मुले किती वेळा आपटली असती, याचा विचार अधूनमधून मनात येतो. चाकांची एक कड दुसरीआधी झिजते, म्हणून महिन्यातून एकदा मी ती कोपऱ्याकोपऱ्याने बदलतो आणि उलटीही करतो.

जूनच्या पहिल्या पावसात नातवाने चिखल लागलेला बोर्ड नळाखाली धरला. पोलादी बेअरिंगांना दोन दिवसांत तांबूस छटा आली. सहा वाचली, दोन गेली. त्या जागी बोहरी आळीतली नव्वदची बसवली आहेत आणि आजवर तरी त्यांत व परदेशी बेअरिंगांत नातवाला फरक ओळखता आलेला नाही. पुढच्या डाव्या चाकातून मात्र परवापासून बारीक टकटक ऐकू येते आहे. ते या रविवारी उघडायचे आहे; बहुधा वॉशर पडला असावा, कारण नातू चाके स्वतः काढू लागला आहे.